निपाणीच्या माळावर दिलेले मार्क

माझ्या ओळखीतली निपाणीला जाऊन आलेली माणसं दोनच प्रकारची. एक तंबाखूच्या व्यापारातली आणि दुसरी बंगळूरला जाताना तिथं चहाला उतरलेली. मी तिसऱ्या प्रकारात मोडतो. मी निपाणीला गेलो होतो ते लोकांच्या मोटारींत बसून गाणी ऐकायला आणि ऐकून मार्क द्यायला. असल्या स्पर्धा असतात म्हटलं की पुण्यात लोक आधी हसतात, मग विचारतात, यात मार्क कसले देणार?

दोन गोष्टींचे. पहिली, आवाज किती मोठा. ते यंत्र मोजतं, जजला फक्त आकडा वाचता यावा लागतो. दुसरी, आवाज किती चांगला. ते यंत्राला कळत नाही, म्हणून माझ्यासारख्याला बोलावतात. तीस वर्षं मी एका रेकॉर्डिंग स्टुडिओत काचेमागं बसून काढली. निवृत्त झाल्यावर हा नाद लागला. बायको म्हणते, स्वतःच्या गाडीचा हॉर्न तीन महिने दुरुस्त होईना आणि निघाले लोकांच्या गाड्या तपासायला. गेल्या फेब्रुवारीतल्या प्रवासापुरतं तिचं बोलणं फारच खरं ठरलं, म्हणून हे लिहितोय.

बेळगाव, शनिवार

रेल्वेचा प्रवास झोपेत गेला. स्टेशनवर मल्लिकार्जुनअण्णा स्वतः न्यायला आले होते. गाड्यांमध्ये टेप, स्पीकर बसवायचं त्यांचं बेळगावात मोठं दुकान आहे, आणि स्पर्धा त्यांनीच भरवली होती. न्याहारीला इडली झाली आणि लगेच वाटीभर कुंदा पुढं आला. सकाळी साडेआठ वाजता आटवलेल्या दुधाचा एवढा गोड रवाळ गोळा खायची आम्हाला सवय नाही. मी नको नको म्हणत दोन वाट्या खाल्ल्या.

दुकानात एक गंमत पाहिली. अण्णा कामगारांवर कानडीत ओरडतात, गिऱ्हाइकाशी मराठीत गोड बोलतात आणि वायरिंगचा घोटाळा झाला की इंग्रजीत गंभीर होतात. आम्हाला पुण्यात तिन्ही कामं एकाच भाषेत करावी लागतात, त्यामुळं ओरडणं चुकून गिऱ्हाइकाच्याही वाट्याला येतं.

मग त्यांनी मला मागं नेलं. तिथं काचेची नवी खोली बांधली होती, आत गाडी उभी राहील एवढी जागा, भिंतींना आवाज शोषणारे जाड तक्ते आणि टेबलाशी एक रिकामी खुर्ची. खुर्चीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. अण्णा म्हणाले, दणका करून देणारी माणसं त्यांच्याकडं भरपूर आहेत. पण आता डॉक्टर येतात, कॉलेजातले सर येतात, त्यांना गाणं नीट ऐकायचं असतं, आणि ते जुळवून देणारा माणूस दुकानात नाही. उद्या आवाजाच्या क्वालिटीत जो पहिला येईल त्याला ते सोमवारपासून या खुर्चीवर बसवणार होते.

"म्हणून तुम्हाला बोलावलं सर," ते म्हणाले. "मला कान असलेला माणूस निवडून द्या."

देतो की, म्हटलं. किती सहज म्हटलं होतं मी ते.

निपाणी, रविवार सकाळ

सकाळी अण्णांच्या गाडीतून निपाणीला निघालो. संकेश्वरच्या आसपास उसाचे ट्रॅक्टर लागले. मागं दोन दोन ट्रॉल्या आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर स्पीकरचे खोके. आधी गाणं येतं आणि बऱ्याच वेळानं त्याच्या मागून ट्रॅक्टर येतो. अण्णांनी सांगितलं की या पट्ट्यातले निम्मे ट्रॅक्टर निपाणीच्या आनंदा नावाच्या पोरानं वाजते केलेत. स्टँडजवळ त्याची पत्र्याची टपरी आहे, आणि आज त्यानंही क्वालिटीत नाव दिलंय. ट्रॅक्टरवाला क्वालिटीत, म्हणून मी हसलो. माणूस बघायच्या आधीच त्याच्याबद्दल मत करून घ्यायची माझी ही खोड जुनी आहे.

निपाणी जवळ आली हे नाकाला आधी समजतं. तंबाखूचा तो उग्र, कोरडा वास पहिली पाच मिनिटं घशात खाजतो आणि मग येईनासा होतो. गावाबाहेरच्या माळावर मांडव घातला होता. पस्तीस-चाळीस गाड्या आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं.

आधी मोठ्या आवाजाची स्पर्धा. यात गाडी पूर्ण बंद करतात, आत पुढच्या काचेशी माईक लावतात, बाहेर यंत्रावर आकडा दिसतो. पत्रा थरथरला की आवाज गळतो, म्हणून गाडी दाबून धरायची परवानगी असते. आमच्याकडं दोन-तीन मित्र दारं दाबतात. इथं अख्खी भावकी आली होती. दारांवर चार चार जण, टपावर तिघं पालथे आणि पुढच्या काचेवर एक सासरे आणि त्यांचे जावई खांद्याला खांदा लावून. नारळ फुटला, उदबत्ती फिरवली, मग गाडी वाजली. माझ्या शर्टाची बटणं हलली. संकेश्वरच्या एका गाडीची काच तर आकडा लागायच्या आधीच उभी तडकली. मालक खाली बसून कपाळ बडवेल असं वाटलं होतं. त्यानं पेढे वाटले. काच फुटली म्हणजे आवाज पोचला, असा इथला हिशेब आहे. एक पेढा मीही खाल्ला.

क्वालिटीची फेरी सुरू करायच्या आधी मी माईक हातात घेतला. पुण्यात एकदा स्पर्धकांनी मला गाडीभोवती घेरून इतकी बडबड केली होती की तेव्हापासून मी हे भाषण कुठंही करतो. जज गाडीत बसला की कुणी गाडीला हात लावायचा नाही, कुणी जजशी बोलायचं नाही, बोललात तर मार्क कापीन. माळावर एकदम शांतता झाली. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर थोडं जास्तच बरं वाटलं.

सातवी गाडी आनंदाची होती. जुनी, पांढरी, छोटी गाडी, दोन्ही बंपर वेगवेगळ्या रंगांचे. आनंदा तिशीचा, अंगानं किरकोळ, इस्त्रीचा शर्ट. त्याच्या शेजारच्या जागेवर त्याची आई बसून गाणं ऐकत होती. नंबर पुकारला गेला तशी ती घाईघाईनं उतरली, मला "जयभीम साहेब" म्हणाली आणि मांडवाच्या कडेला खुर्चीवर जाऊन बसली. तिला सगळे शेवंताआक्का म्हणत होते.

मी नियमाप्रमाणं ड्रायव्हरच्या जागेवर बसलो, माझा पेन ड्राइव्ह लावला. पहिलं गाणं एका बाईचं, मागं फक्त तंबोरा आणि तबला. मला हे गाणं पाठ आहे. चांगल्या गाडीत ही बाई समोर, बोनेटच्या मधोमध उभी राहून गाते. या गाडीत ती माझ्या उजव्या कोपराशी, दारात बसून गात होती. तबलाही तिथंच. सगळी मैफल उजव्या दारात गोळा झालेली, आणि डावीकडं कुणी नाही.

आवाज मात्र कसा होता म्हणून सांगू. स्वच्छ. तंबोऱ्याची तार सुटतानाचा तो बारीकसा झंकारसुद्धा ऐकू येत होता. एवढं नेमकं काम करणारा माणूस गाणाऱ्या बाईला दारात कशाला बसवेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी मनात म्हटलं, शेवटी ट्रॅक्टरवालाच.

तेवढ्यात खिडकीशी शेवंताआक्का आली, म्हणून मी काच खाली केली. वाकून म्हणाली, "साहेब, हिकडनं बसून बघा की जरा. डाव्या अंगानं."

मी तिला सांगितलं की बाई, नियम मघाशी सांगितलाय, जजशी बोलायचं नाही. आवाज चढवला नव्हता. त्याची गरजही नव्हती. ती तोंडावर पदर धरून मागं सरली. आनंदा दहा पावलांवर हात मागं बांधून उभा होता. तो माझ्याकडं बघत नव्हता, गाडीतल्या कुठल्यातरी वस्तूकडं बघत होता.

आवाजाच्या जागेचे वीस मार्क असतात. मी त्याला सहा दिले, बेरीज केली, सही केली आणि पुढच्या गाडीकडं गेलो.

निपाणी, जेवणानंतर

जेवायला मांडवात मटणाचं ताट होतं. मी मटण खात नाही हे कुणाच्या लक्षात नव्हतं, आणि माळावर ऊन रणरणत होतं. ताट परत करून सावली शोधत होतो, तर शेवंताआक्कानं हाक मारली. सकाळच्या बोलण्याचा राग तिच्या चेहऱ्यावर कुठंही नव्हता. गाडी लिंबाच्या झाडाखाली लावली होती, दारं उघडी होती, मागच्या सीटवर डबा. मार्क देऊन झाले होते, त्यामुळं बोलायला हरकत नव्हती. तिनं मला पुढं तिच्या जागेवर, डावीकडं बसवलं आणि शाळूची भाकरी, पावट्याची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी हातात दिली. आनंदा पाणी आणायला गेला होता.

भाकरी खाता खाता मी तिला विचारलं की काय करता. तिनं चाळीस वर्षं विड्या वळल्या होत्या. बोलतानाही तिचा अंगठा बोटावर फिरत होता. कारखान्यात एकच रेडिओ होता, तो मुनिमाच्या टेबलावर. तिची जागा पार दुसऱ्या टोकाला, भिंतीशी. शंभर बायकांच्या पलीकडून गाणं निम्मंअर्धं यायचं. "गानं सुरू झाल्यालं कळायचं आनि संपल्यालं कळायचं," ती म्हणाली. "मदलं कदी ऐकलोच न्हाय." इकडच्या बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलतात. मला ते ऐकायला फार मोकळं वाटलं. आता रोज संध्याकाळी टपरी बंद केली की आनंदा तिला गाडीत घालून हायवेला कागलपर्यंत नेऊन आणतो. तिनं मागच्या सीटवरून पुढं वाकून तिच्या आवडीचं गाणं लावलं.

या गाण्यातली बाई समोर उभी होती. बरोबर मधोमध. डावीकडं थोडा मागं तबला, उजवीकडं पेटी, आणि त्यांच्यामध्ये रिकामी हवा. तीस वर्षं काचेमागं बसून मी जे जुळवायला धडपडत होतो ते या वेगळ्या बंपरांच्या गाडीत, शेवंताआक्काच्या जागेवर, जुळलेलं होतं. माझ्या हातातला घास तसाच राहिला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीत जवळच्या स्पीकरचा आवाज कानावर आधी पोचतो आणि लांबचा उशिरा. म्हणून जवळच्याला किंचित थांबवून ठेवायचं, म्हणजे सगळे एकदम पोचतात आणि गाणारा मधे उभा राहतो. पण हे एका वेळी एकाच जागेपुरतं जुळतं. शेजारच्या जागेवर बसलं की सगळं उलटं होतं आणि गाणारा दारात जाऊन बसतो. स्टिअरिंगखाली बघितलं तर छोटं बटण होतं, दोन बाजूंचं. आनंदानं दोन्ही जागा जुळवलेल्या होत्या. सकाळी आई गाणं ऐकत होती म्हणून बटण तिच्या बाजूला होतं, नंबर पुकारल्यावर ती उतरली आणि घाईत ते फिरवायचं राहून गेलं. मी बसल्यावर त्या दोघांच्याही लक्षात आलं असणार. गाडीला हात लावायचा नाही आणि जजशी बोलायचं नाही. तो थांबला. तिला राहवलं नाही.

मी गाणं संपेपर्यंत बसून राहिलो. मग हात धुतले, छान होती भाकरी म्हटलं आणि उठलो. तेव्हा सव्वादोन वाजले होते. निकाल चारला होता. मार्कांचे कागद माझ्याच पिशवीत होते.

अण्णांच्या टेबलाकडं निघालो तेव्हा माझ्या मनात स्पष्ट होतं की सांगायचं, सातव्या गाडीला परत बसतो. टेबलाभोवती गर्दी होती. यंत्र चुकतंय म्हणून मोठ्या आवाजवाले भांडत होते, आणि कुणीतरी म्हणत होतं की हे पुण्याचे जज पाहिजे तसे आकडे फिरवतात. मी थबकलो. अण्णांनी विचारलं, काय सर? मी म्हटलं, चहा मिळेल का?

चहा मिळाला. मी तो पीत बसलो. लोकांना भ्यालो असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते निम्मंच खरं आहे. एक ट्रॅक्टरवाला आणि विड्या वळणारी बाई यांना जे ठाऊक होतं ते तीस वर्षांच्या अनुभवी कानाला ओळखता आलं नाही, हे माईकवरून सांगायची माझी तयारी नव्हती. पावणेदोन तास होते माझ्या हातात. दोन चहा झाले.

चारला निकाल लागला. बेळगावचा एक तरुण इंजिनियर पहिला आला. त्याचं काम वाईट नव्हतं, नीटनेटकं होतं. आनंदा चार मार्कांनी दुसरा. टाळ्या वाजवणाऱ्यांत तोही होता.

कागल, रविवार संध्याकाळ

मला कोल्हापूरहून रात्रीची गाडी होती. तिथपर्यंत कोण सोडणार असं अण्णांनी विचारलं आणि आनंदा पुढं झाला. रोज कागलपर्यंत जातोच, म्हणाला. नको म्हणायला मला कारण सापडेना.

आईला त्यानं मागं बसवलं आणि माझ्यासाठी डावं दार उघडलं. बटण तिच्याच बाजूला होतं. दोन्ही बाजूंना ऊस, कुठं तोडलेला, कुठं उभा, आणि समोर बोनेटच्या मधोमध ती बाई गात होती. एरवी अशा संध्याकाळी मी खूश झालो असतो. त्या दिवशी मला ती बाई गप्प झाली असती तर बरं वाटलं असतं.

कागलला चहाला थांबलो. आक्का गाडीतच बसली. टपरीसमोर उभं राहून मी शेवटी बोललो. म्हटलं, आनंदा, सकाळी तुझं बटण आईच्या बाजूला राहिलं होतं.

"व्हय," तो म्हणाला. चहाचा एक घोट घेतला. "तुमाला कळलंय त्ये मला ठाव हाय. जेवताना आईच्या जाग्यावर बसलासा, गानं संपूस्तर उतरला न्हायसा. मी पानी घिऊन मागं हुबा हुतो. मंग चार वाजूस्तर वाट बघितली."

"अरे, मग येऊन बोलायचंस ना."

"जजसंगं बोलायचं न्हाय, तुमीच सांगिटलासा की."

त्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. तो खरोखरच नियम सांगत होता. मी म्हटलं, मी अण्णांना फोन करतो, माझी चूक सांगतो. तो म्हणाला, करा की. ग्लास विसळून ठेवला आणि गाडीकडं गेला.

पुण्याला आल्यावर मी फोन केला हे इथंच सांगून टाकतो. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या इंजिनियरला सकाळीच कामावर घेतलं होतं, खुर्चीवरचं प्लास्टिक काढून झालं होतं, आता त्याला ऊठ कसं म्हणायचं? चार वाजायच्या आधी एक शब्द बोलला असतात तर, एवढं ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला बोलावलेलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

कोल्हापूर स्टेशनवर उतरलो. आनंदा मागं डिकीतून माझी बॅग काढायला गेला. शेवंताआक्काही उतरली, पुढच्या जागेवर येऊन बसायला. दाराला धरून उभी राहिली, मागं एकदा बघितलं आणि हळू आवाजात मला विचारलं, "साहेब, मी मधी बोललो म्हनून तर पोराचं मार्क कापलं न्हाईसा न्हवं?"

म्हणजे चार वाजल्यापासून ही बाई मनात हे घेऊन बसली होती. मी माईकवरून दिलेली धमकी तिनं शब्दशः धरली होती.

मी म्हटलं, "नाही हो आक्का. तुमच्यामुळं एकही मार्क गेला नाही. चूक माझी झाली. तुम्ही सांगत होतात तिथं बसायला हवं होतं मी. पहिला नंबर आनंदाचाच होता."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तिची बोटं खरखरीत होती. ती किंचित हसली, घरी आलेल्या पाहुण्यासाठी हसतात तसं.

"तुमी चांगलं मानूस हायसा, म्हनून म्हंतासा," ती म्हणाली. "माजंच चुकलं."

मी पुन्हा सांगू लागलो, पण आनंदा बॅग घेऊन आला होता. ती तिच्या जागेवर बसली, त्यानं दार लावलं आणि दोघं निपाणीच्या रस्त्याला लागले.